उषवदात : राजाचा जावई

राजांची चरित्रे लिहिली जातात. राजाच्या जावयाचे क्वचितच. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात मात्र असा एक जावई आपल्याला भेटतो. दीनिकाचा पुत्र, शक उषवदात. क्षहरात क्षत्रप नहपानाची कन्या दक्षमित्रा ही त्याची पत्नी. तिनेही या लेण्यात एक 'ओवरक' दान दिला. मराठी 'ओवरी' याच शब्दातून आली.

मुख्य लेखात त्याच्या दानांची यादी आहे : तीन लक्ष गायी, सोळा गावे, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथील विश्रामगृहे, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर विनामूल्य नावा. येथपर्यंत दात्याचा उल्लेख तृतीयपुरुषी आहे. पुढे निवेदन एकाएकी प्रथमपुरुषी होते. स्वामींच्या आज्ञेने आपण भर पावसाळ्यात उत्तमभद्रांच्या सुटकेस गेलो, मालय केवळ आवाजानेच पळाले, मग पुष्करास स्नान केले, असे तो सांगतो. शत्रूच्या पलायनाचा हा वृत्तान्त खुद्द विजेत्याचा आहे, हे वाचताना विसरू नये.

संख्यांचीही परीक्षा करावी. गायींचा आकडा गौरवासाठी फुगवलेला असू शकतो. पण वर्ष ४२ च्या लेखातील हिशेब पाहा. गोवर्धनच्या विणकर श्रेणीत २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही. व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. वर्षाचे व्याज २४०, खर्चही २४०. दुसऱ्या श्रेणीत १००० कार्षापण पाऊण टक्क्याने ठेवले. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवला गेला. येथे बोलतो तो व्यवहार जाणणारा अधिकारी, आणि माझ्या मते खरा उषवदात येथेच दिसतो.

त्याचा अंत कसा झाला, हे कोणताही लेख सांगत नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात वंश निःशेष केला, असे तिसऱ्या लेण्यातील प्रशस्ती सांगते. १९०६ साली जोगळटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुतेकांवर सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. त्याच लेण्यातील वर्ष १८ च्या आज्ञेत उषवदाताचे नाव एकदाच येते. आजवर त्याच्या उपभोगात असलेले २०० निवर्तने शेत सातकर्णी त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना देतो.