गर्भाविषयी बोलताना सनद



उजनीच्या फुगवट्याकाठच्या एका गावी निकाह पढवून बसलो होतो. तेथील एक वयोवृद्ध चाचा सुनेविषयी तक्रार करू लागले, "तिसरीही मुलगीच!" मी म्हणालो, "चाचा, मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजावर ठरते." त्यांनी शांतपणे विचारले, "मौलाना, हे कुठे लिहिले आहे?"

मी निरुत्तर झालो. मोबाइलवर आलेल्या एका संदेशाखेरीज माझ्याजवळ काहीच नव्हते, आणि घरी येऊन पाहिले तर त्यातील आयतीचा क्रमांकही चुकलेला! सनदेवाचून हदीस सांगू नये, हे मदरशात वर्षानुवर्षे शिकलेल्या माणसाची ही गत. बातमीची शहानिशा करण्याचा आदेश (सूरह हुजुरात, आयत ६) विज्ञानाच्या बातमीलाही लागू आहे.

मग शोध घेतला. माता प्रत्येक अपत्यास एक्स गुणसूत्रच देते. पिता एक्स किंवा वाय देतो. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक गर्भात पुरुषग्रंथी घडविण्यास प्रारंभ करते. लंडनच्या संशोधकांनी ते १९९० मध्ये 'नेचर' नियतकालिकात जाहीर केले (खंड ३४६, पृष्ठ २४०). अशा मूळ लेखापर्यंत पोहोचण्याची वाट म्हणजे 'ओमिम' हा मानवी जनुकांचा संदर्भकोश. अमेरिकेतील व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६६ मध्ये तो ग्रंथरूपाने काढला; आज तो इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. एसआरवायचा तेथील क्रमांक ४८०००० आहे. नोंदीखाली मूळ लेखांची यादी असते. ती आपल्या रावींच्या साखळीसारखीच समजावी. नोंदी सुधारल्या जातात, म्हणून क्रमांकासोबत आपण ती पाहिल्याची तारीखही लिहावी.

आवृत्तीचे भान तर फारच आवश्यक. केत्तूर एक आणि केत्तूर दोन यांतील भेद न लिहिता पत्र टाकले तर ते भलत्याच गावी जाईल. कीथ मूर यांच्या भ्रूणशास्त्राच्या ग्रंथाचे तसेच होते. आपल्या व्याख्यानांत त्यांचे नाव वारंवार येते. परंतु १९८३ च्या जेद्दाह आवृत्तीत शेख झिंदानी यांनी इस्लामी पुरवण्या जोडल्या होत्या. पुरवणीतील वाक्य मूर यांच्या मूळ ग्रंथाचे म्हणून सांगणे, हा सरळ तद्लीस होय.

दिवसांची मोजणीही तपासावी. भ्रूणशास्त्रज्ञ गर्भधारणेपासून मोजतात, दवाखान्यात शेवटच्या पाळीपासून. फरक सुमारे दोन आठवड्यांचा. सहीह मुस्लिमच्या 'किताबुल कद्र'मध्ये हुजैफा बिन असीद (रजि.) यांच्या कथनात गर्भावर बेचाळीस रात्री लोटल्याचा उल्लेख आहे; अन्य पाठांत चाळीस किंवा पंचेचाळीस. गर्भधारणेनंतर सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास एसआरवाय कार्य सुरू करते, हे वाचून मन लगेच दोन्ही जोडू पाहते. माझेही पाहिले. तरी मी दोन्ही संदर्भ वेगवेगळ्या ओळींवर लिहितो. हदीसच्या सत्यतेला जनुकाची साक्ष लागत नाही; आणि उद्या विज्ञानाने आपला आकडा बदलला, तर तो भार हदीसवर का यावा?

पुढील जुम्म्यास चाचांकडे एक कागद घेऊन गेलो. वरती सूरह शूरा, आयत ४९ : अल्लाह इच्छितो त्यास मुली देतो, इच्छितो त्यास मुलगे, तेथे मुलींचा उल्लेख आधी आहे. खाली जनुकाचा क्रमांक, लेखाचे वर्ष आणि पृष्ठ. चाचांनी चष्मा शोधला, सापडला नाही. तेव्हा त्यांनी सुनेलाच हाक मारली आणि कागद मोठ्याने वाचावयास सांगितला.