घड्याळाविरुद्धची शर्यत : इयत्ता सातवीसाठी वेगाच्या गणिताचा एक पाठ

काळ आणि वेग यांची उदाहरणे शिकविताना आगगाडी व पूल यांची जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मुले ही उदाहरणे सोडवितात, उत्तर पाठीमागील पानावर ताडून पाहतात आणि विसरून जातात. ज्या गावातून रूळ गेलेला नाही तेथे तर हा विषय निव्वळ आकड्यांचा होऊन बसतो. सायकल मात्र गावोगावी आहे, आणि वर्गातील पुष्कळ मुलामुलींना ती चालविता येते. वेगाच्या गणितास सायकलीचा आधार दिल्यास पाठात जीव येतो. सायकलीच्या जगात एक शर्यत तर अशी आहे की, जी सर्वस्वी गणितावरच उभी आहे. तिला टाइम ट्रायल असे म्हणतात. मुलांना सांगताना ‘घड्याळाविरुद्धची शर्यत’ म्हटले म्हणजे पुरे.

नेहमीच्या शर्यतीत सर्व सायकलस्वार एकत्र सुटतात आणि जो प्रथम पोहोचतो तो जिंकतो. या शर्यतीत तसे नाही. येथे प्रत्येकास ठराविक अंतराने, साधारणतः मिनिट-दीड मिनिटाने, एकट्यालाच सोडतात. त्याचा वेळ तो सुटल्यापासून अखेरच्या रेषेपर्यंत मोजला जातो आणि ज्याचा वेळ सर्वांत कमी तो विजयी ठरतो. पुढच्या स्वाराच्या पाठीमागे राहून वाऱ्यापासून आडोसा घेण्यास येथे मनाई आहे. कोणी कोणास गाठलेच तर ओलांडताना बाजूने दोन मीटरचे अंतर राखावे लागते. त्यामुळे प्रतिस्पर्धी बहुधा दृष्टीसही पडत नाही. समोर रस्ता असतो आणि मनगटावर नसले तरी मनात घड्याळ असते.

ही पद्धत निघाली इंग्लंडात, आणि तीही अडचणीतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे सायकलस्वारांचे घोळके सार्वजनिक रस्त्यांवरून शर्यती लावीत. घोडे बुजत, लोक तक्रारी करीत आणि पोलीस आडवे येत. शेवटी तेथील सायकल संघटनेनेच रस्त्यावरील शर्यती बंद केल्या. तेव्हा फ्रेडरिक बिडलेक यांच्या पुढाकाराने 1895 साली स्वारांना एकत्र न सोडता एकेकटे सोडून 50 मैलांची स्पर्धा घेण्यात आली. पुढे या स्पर्धा भल्या पहाटे होऊ लागल्या. स्वार गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालीत, म्हणजे पाहणाऱ्यास कोणी शर्यत करीत आहे अशी शंकाही येऊ नये. जगभर मान्यता पावलेल्या स्पर्धाप्रकाराचा जन्म असा काहीसा लपतछपत झाला, ही हकिगत मुलांना खचित आवडते.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळावे. आंतरराष्ट्रीय सायकल संघटना दरवर्षी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरविते. तीत 17 व 18 वर्षांच्या मुलांसाठी आणि मुलींसाठी घड्याळाविरुद्धच्या स्वतंत्र शर्यती असतात. 2019 साली ही स्पर्धा इंग्लंडच्या यॉर्कशर प्रांतातील हॅरोगेट या गावी झाली. 23 सप्टेंबर रोजी कुमार गटाच्या दोन्ही शर्यती पार पडल्या. मार्ग चढउतारांचा व वळणांचा होता. मुलींनी त्याची एक फेरी करावयाची होती, ती 13.7 किलोमीटरची. मुलांनी दोन फेऱ्या, म्हणजे 27.6 किलोमीटर.

मुलींमध्ये रशियाची ऐगुल गारेयेवा हिने 22 मिनिटे 16 सेकंद घेतले. वाटेत एका वळणावर ती चुकीच्या बाजूस गेली आणि पुन्हा मार्गावर येण्यात तिचे मोलाचे सेकंद खर्ची पडले. तरीही नेदरलँड्सच्या शिरिन व्हान अनरॉय हिच्यापेक्षा ती चार सेकंदांच्या आतल्या फरकाने पुढे राहिली. मुलांमध्ये इटलीच्या अंतोनियो तिबेरी याच्यावर याहून विचित्र प्रसंग आला. सुटण्याच्या क्षणीच त्याच्या सायकलीत बिघाड झाला. घड्याळ तर सुरू झालेले, आणि हा दुसऱ्या सायकलीची वाट पाहत उभा! दुसरी सायकल मिळताच तो निघाला व 38 मिनिटे 28 सेकंदांत पोहोचला. नेदरलँड्सचा एन्झो लाइन्से सुमारे आठ सेकंदांनी मागे राहून दुसरा आला.

एवढे सांगून शिक्षकांनी क्षणभर थांबावे आणि वर्गास विचारावे : तिबेरीच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? बहुतेक मुले उत्तर देतील की, सायकल मिळताच जीव तोडून पळविली असती व गेलेला वेळ लगेच भरून काढला असता. हे उत्तर स्वाभाविक आहे, पण ते हिशेबात बसत नाही. का बसत नाही, हाच या पाठाचा गाभा होय.

प्रथम सरासरी वेग काढून घ्यावा. 38 मिनिटे 28 सेकंद म्हणजे 2308 सेकंद. 27,600 मीटरला 2308 ने भागले असता दर सेकंदास सुमारे 12 मीटर, म्हणजे ताशी 43 किलोमीटर येतात. गारेयेवाचा वेग याच रीतीने मुलांकडून काढवावा; तो दर सेकंदास सव्वादहा मीटर येतो. मग चार सेकंद म्हणजे जमिनीवर किती अंतर? सुमारे 41 मीटर. शाळेच्या पटांगणावर 41 मीटरची दोरी ताणून दाखवावी. पावणेचौदा किलोमीटरच्या शर्यतीत सुवर्णपदक आणि रौप्यपदक यांत एवढेच अंतर होते.

आता समजा, एखाद्या स्वाराचे आरंभीच 20 सेकंद गेले. ते त्याने पहिल्या दोन किलोमीटरांतच भरून काढावयाचे ठरविले, तर काय होईल? सेकंदास 12 मीटर या वेगाने दोन किलोमीटरला सुमारे 166 सेकंद लागतात. ते त्याला 146 सेकंदांत तोडावे लागतील. म्हणजे वेग जवळजवळ 14 टक्क्यांनी वाढवावा लागेल. येथे हवेचा प्रश्न येतो. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवा कापण्यातच जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. या नियमाने वेग 14 टक्के वाढविण्यासाठी शक्ती जवळजवळ दीडपट लागते. इतकी शक्ती आधीच सर्वस्व लावणाऱ्या स्वाराजवळ शिल्लक नसते. असली तरी ती खर्चून पुढच्या पंचवीस किलोमीटरांचे काय?

याउलट तेच 20 सेकंद संपूर्ण मार्गावर वाटून टाकले तर दर किलोमीटरमागे पाऊण सेकंदाहूनही कमी वाचवावे लागते. वेगात एक टक्क्याहून कमी वाढ पुरते, आणि शक्ती अडीच टक्क्यांहून थोडीच अधिक लागते. मुलांनी हे आकडे फळ्यावर शेजारीशेजारी मांडले म्हणजे शिक्षकांना वेगळे काही सांगावे लागत नाही. ज्या मुलाचा परीक्षेत पहिल्या उदाहरणावरच अर्धा तास गेला आणि ज्याने घाबरून उरलेला पेपर खरडला, तो मुलगा वर्गात कोठे बसला आहे हे शिक्षकांस बहुधा ठाऊक असतेच. त्याला हा हिशेब फळ्यावर करावयास बोलावण्यास हरकत नाही.

चढउताराचे एक उदाहरण याच तासात घेता येते. दहा किलोमीटरचा चढ ताशी 20 किलोमीटर वेगाने आणि तोच दहा किलोमीटरचा उतार ताशी 60 किलोमीटर वेगाने. तर सरासरी वेग किती? वर्ग एकमुखाने ‘चाळीस’ म्हणेल. प्रत्यक्षात चढास 30 मिनिटे व उतारास 10 मिनिटे, अशी 40 मिनिटे 20 किलोमीटरला लागतात. सरासरी 30 येते. चढावर गमावलेला वेळ उतारावर परत मिळत नाही. म्हणूनच जाणते स्वार चढावर थोडे अधिक बळ लावतात आणि उतारावर श्वास घेतात.

यानंतर पाठ वर्गाबाहेर न्यावा. हॅरोगेटच्या वेळी कुमार गटावर एक बंधन होते : पायडलची एक पूर्ण फेरी झाली असता सायकल 7.93 मीटरपेक्षा पुढे जाता कामा नये. वाढत्या वयातील गुडघ्यांवर जड चक्रांचा ताण पडू नये आणि पाय चपळ व्हावेत हा त्यातील हेतू सांगितला जाई. पुढील चक्रास 52 दाते व मागील चक्रास 14 दाते अशी जोडी या मर्यादेत बसे. 2023 च्या आरंभापासून हे बंधन उठविण्यात आले. ते उठविणे योग्य झाले की नाही याविषयी मतभेद होण्याजोगे आहेत. त्या मर्यादेत राहून ताशी 43 किलोमीटरची सरासरी राखावयाची, तर पायडलच्या दर मिनिटास निदान 90 फेऱ्या होणे प्राप्त आहे.

गावातील कोणत्याही सायकलीवर हे मोजमाप करता येते. पुढील व मागील चक्रांचे दाते मुलांनी खडूची खूण करून मोजावेत. चाकाचा परीघ दोरीने घ्यावा. पुढे 44 दाते, मागे 18 आणि परीघ 2.2 मीटर असेल तर एका फेरीत सायकल सुमारे 5.4 मीटर जावयास हवी. मग ताळा पाहावा. एक सूचना मात्र ध्यानात ठेवावी : सायकल पुढे ढकलली तर पायडल स्थिर राहते. ती मागे ढकलली म्हणजे पायडल उलट फिरते, आणि त्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंतचे अंतर जमिनीवर मोजता येते. उत्तरात चार-सहा अंगुळांचा फरक पडला तर चाकातील हवा तपासावी. हवा कमी असली की परीघही कमी भरतो.

हा पाठ घेताना वर्गातील एखादी मुलगी विचारील की, मुलांना दोन फेऱ्या आणि मुलींना एकच का? असा प्रश्न आला तर तो टाळू नये. ती स्पर्धेच्या नियमांनी ठरविलेली अंतरे होत. मुलींच्या शक्तीचे ते माप नव्हे. त्याच यॉर्कशरमधील बेरिल बर्टन हिची हकिगत येथे अवश्य सांगावी. लहानपणी, शाळेतील मोठ्या परीक्षेच्या सुमारास, ती संधिवाताच्या तापाने आजारी पडली आणि कित्येक महिने रुग्णालयात होती. पुढे हीच मुलगी सायकलीवर बसली. 1967 साली बारा तासांच्या घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत तिने 277.25 मैल, म्हणजे सुमारे 446 किलोमीटर अंतर तोडले. त्याच दिवशी माइक मॅकनमारा या स्वाराने पुरुषांचा नवा विक्रम केला होता. बेरिलचे अंतर त्याच्याहूनही अधिक भरले. तिने त्यास वाटेत गाठले तेव्हा जाता जाता ज्येष्ठमधाची एक गोळी त्याच्यापुढे धरली, आणि त्याने ती घेतली.

शेवटी प्रात्यक्षिकाविषयी. ते रहदारीच्या रस्त्यावर कदापि घेऊ नये. पटांगणावर किंवा गावाबाहेरील मोकळ्या मैदानात खुणा रोवून दोन-तीनशे मीटरची फेरी आखावी, ब्रेक आधी तपासावेत आणि मुलांना एकेकटे सोडावे. ज्यांच्याजवळ सायकल नाही त्यांनी तीच फेरी धावून पुरी करावी. घड्याळाला दोन्ही सारखेच. वेळ लिहिण्याचे काम दोन मुलांकडे द्यावे. पंधरा दिवसांनी तीच फेरी पुन्हा घ्यावी आणि वहीत प्रत्येक नावापुढे दोनच आकडे असावेत : त्याचा मागचा वेळ व त्याचा आजचा वेळ. क्रमांकांचा रकाना आखू नये.