उरलेले तुकडे आणि नाताळचं बजेट

आजचं वाचन: योहान 6:1-13
सोबत वाचा: लूक 2:22-24, लेवीय 12:8



डिसेंबर लागला की आपल्या घरांत दोन याद्या सुरू होतात. एक फराळाची: करंज्या, चकल्या, शंकरपाळी, अनारसे, केक. दुसरी खर्चाची, आणि ती सहसा कोणी लिहीत नाही, फक्त मनात वाढत जाते. म्हणून आज जरा काटकसरीवर मनन करूया. हा विषय "अध्यात्मिक" नाही असं वाटत असेल तर आजचा उतारा परत एकदा वाचा. त्यात जेवण आहे, हिशोब आहे, आणि शेवटी उरलेल्या अन्नाची मोजदादसुद्धा आहे.

1. फिलिप्पचा अंदाज आणि अंद्रियाची यादी

समोर पाच हजार पुरुष, शिवाय बायका-मुलं. फिलिप्प लगेच आकडा काढतो: दोनशे दिनारांच्या भाकरीसुद्धा पुरणार नाहीत. मत्तय 20 मध्ये एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे हा दोनशे दिवसांचा पगार झाला. फिलिप्पचं गणित बरोबरच आहे. पण तो "काय नाही" इथेच थांबतो. अंद्रिया "काय आहे" ते शोधतो: एका मुलाजवळ पाच भाकरी आणि दोन मासळ्या. भाकरीही जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्या. पुरणार नाहीत हे त्यालाही कळतं, तरी तो ते प्रभूसमोर आणतो.

नाताळची खरेदी अंद्रियासारखी सुरू करून बघा. आधी डबे उघडा, मग ॲप. आमच्याकडे कुपवाडला मागच्या वर्षीची चांदणी माळ्यावरून काढली, फाटलेला कागद बदलला आणि आत साध्या बल्बऐवजी एलईडी लावला. हिशोब सोपा आहे: 60 वॅटचा बल्ब रोज 6 तास, 30 रात्री लावला तर 10.8 युनिट वीज जाते. 9 वॅटच्या एलईडीला 1.62 युनिट. चांदणी तेवढीच उजळते. केकमध्ये घालायला सुक्या मेव्याचं महागडं तयार पाकीट कशाला? आपण सांगली जिल्ह्यात राहतो, तासगावचा बेदाणा जवळ मिळतो. आणि घरी ओव्हन नसला तर मिश्रण कालवून बेकरीच्या भट्टीत भाजून आणायची जुनी पद्धत आजही चालते.

2. काटकसर कुठे फसते

सगळीच बचत ही बचत नसते. नेहमी दिसणाऱ्या काही चुका:

- 40 टक्के सूट म्हणून घेतलेला 2,500 रुपयांचा ड्रेस. आपले 1,000 वाचत नाहीत, 1,500 जातात. ड्रेस यादीत नव्हता तर सूट कितीही असो, तो खर्चच.
- "नो कॉस्ट ईएमआय". व्याजाएवढी सूट मिळते हे खरं, पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फीसुद्धा. रक्कम लहान असते, पण नाव खोटं पडतं. शिवाय नाताळ संपतो आणि हप्ता उन्हाळ्यापर्यंत चालतो.
- स्वस्त मिळाला म्हणून दहा किलो मैदा किंवा आठवडाभर आधी आणलेला खवा. मैद्याला किडे होतात, खवा आंबतो.
- चकलीचं तेल पुन्हा पुन्हा तापवणं. वारंवार तापवलेल्या तेलात घातक घटक वाढतात. ते 25 टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरू नये असा एफएसएसएआयचा नियम 2018 पासून आहे. तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावं, नाहीतर वाचवलेलं तेल दवाखान्यात महाग पडतं.

पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे: दुसऱ्याच्या वाट्यातून केलेली काटकसर. ॲपवरची प्लॅटफॉर्म फी आपण न बोलता भरतो आणि कोथिंबिरीच्या जुडीवरून मावशींशी पाच रुपयांसाठी वाद घालतो. घरी कामाला येणाऱ्या ताईंचं बक्षीस "या वर्षी जरा टाइट आहे" म्हणून कापतो, पण केकवरचं आयसिंग कापत नाही. योहान 12 मध्ये यहूदासुद्धा काटकसरीचंच बोलतो: सुगंधी तेल तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? योहान तिथेच सांगतो की त्याचं लक्ष गरिबांकडे नव्हतं, थैलीकडे होतं. मुद्दा बरोबर आणि मन चुकीचं, असंही होऊ शकतं.

3. आधी तृप्ती, मग टोपल्या

आता उताऱ्यातला क्रम नीट बघा. प्रभू आधी सगळ्यांना बसवतो, उपकारस्तुती करतो, हवं तेवढं वाढतो. सगळे पोटभर जेवल्यावरच तो शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरतात.

ज्याला पाच भाकरींतून हजारोंना जेवू घालता येतं त्याला तुकड्यांची काय गरज? काहीच नाही. तरीही तो ते गोळा करायला लावतो, कारण देवानं दिलेलं आहे ते. म्हणजे ख्रिस्ती काटकसर हात आखडून वाढण्यात नाही. पाहुण्याच्या ताटात कमी वाढणं ही काटकसर नाही; ताटातलं टाकून देणं हा मात्र अपमान आहे.

मराठी मंडळीत याचं एक ओळखीचं घर आहे. कवी नारायण वामन टिळक (1861-1919) पैशाच्या बाबतीत अगदी मोकळ्या हाताचे. घरात काय आहे, काय नाही याची चिंता लक्ष्मीबाईंना. "स्मृतिचित्रे" वाचताना त्या संसाराची ओढाताण आपल्याला हसवते आणि हळूच डोळ्यांत पाणीही आणते. पण त्या ओढाताणीतही घराचं दार उघडं राहिलं. दुष्काळात निराधार झालेली मुलं तिथे जेवली, बालकवी ठोंबरे तिथे घरच्यासारखे राहिले. नुसतं टिळकांचं औदार्य असतं तर घर चाललं नसतं, आणि नुसती काटकसर असती तर दार उघडं राहिलं नसतं.

4. पहिल्या नाताळचं बजेट

मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात जातात तेव्हा कोकरू नेत नाहीत. लूक फक्त दोन पक्ष्यांच्या अर्पणाचा उल्लेख करतो. लेवीय 12:8 सांगतं की कोकराची ऐपत नसलेल्या आईसाठी ही सवलत होती. जगाचा तारणारा अशा घरात आला ज्याला कोकरू परवडत नव्हतं. त्यांनी कर्ज काढून कोकरू आणलं नाही, आणि ऐपत नाही म्हणून अर्पण चुकवलंही नाही. परवडेल ते घेऊन ते उघडपणे मंदिरात गेले.

या वर्षी कोणाची नोकरी गेली असेल, एमआयडीसीत कोणाचा ओव्हरटाइम बंद झाला असेल, कोणाच्या घरी आजारपण असेल. मित्रा, साध्या कपड्यांत चर्चला यायला लाजू नकोस. तुझा नाताळ अपुरा नाही. पहिला नाताळही असाच होता.

आजची कृती

1. कागदावर तीन रकाने करा: घरात आहे, आणायचं आहे, द्यायचं आहे. तिसरा रकाना आधी भरा.
2. फराळाचा पहिला डबा अशा घरी द्या जिथून परत डबा येणार नाही.
3. कोणाची मजुरी, बिल किंवा उसने पैसे थकले असतील तर 25 तारखेच्या आत चुकते करा. याकोब 5:4 वाचा.

प्रार्थना

प्रभू येशू, तू आमच्या घरातल्या डब्यांचाही प्रभू आहेस. जे आहे ते बघायला डोळे दे, आणि ते वाटायला मन दे. दुसऱ्याच्या वाट्यावर आमची बचत होऊ नये. ज्यांच्या घरी या वर्षी ओढाताण आहे, त्यांच्या दाराशी आम्हाला टोपली घेऊन पाठव. तुझ्या नावात मागतो, आमेन.

उद्याचं वाचन: लूक 14:28-30