सेलबर्नच्या पाऊलवाटा

इंग्लंडच्या दक्षिणेस हँपशायर परगण्यांत सेलबर्न नांवाचें लहानसें खेडें आहे. निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट हे पाद्री येथेंच राहत. गांवामागील टेकडीवर बीच वृक्षांची दाट राई आहे. तीवर चढण्यासाठीं त्यांनीं व त्यांचे बंधु जॉन यांनीं १७५३ सालीं एक नागमोडी वाट तयार केली. तिच्यावरून लोक आजहि सावकाश चढून जातात.

इंग्लंडांत खेडोपाडीं अशा पाऊलवाटा आढळतात. त्यांतील पुष्कळ वाटा शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनींतून जातात. तथापि त्यांवरून पायीं जाण्याचा हक्क सर्वांस आहे. हा हक्क कोठून आला? शेतावर, बाजारास व प्रार्थनामंदिरास जातां येतां पिढ्यानपिढ्यांच्या पायांखालीं बहुतेक वाटा मळल्या. त्यांची नोंद अधिकृत नकाशांत व्हावी, असें १९४९ च्या कायद्यानें ठरविलें. १९८० च्या कायद्याप्रमाणें, लोकांनीं एखादी वाट वीस वर्षें उघडपणें व अडथळ्यावांचून वापरिली, तर ती सामान्यतः सार्वजनिक मानली जाते. नांगरटींत वाट मोडल्यास ती मुदतींत पूर्ववत् करून देणें शेतकऱ्यास भाग असतें.

विद्यार्थीमित्रहो, वाटसरूंसहि कर्तव्यें आहेत. उभ्या पिकांतून एकामागून एक चालावें. बंद असलेलें फाटक उघडल्यास तें पुन्हां लावावें, नाहीं तर मेंढरें रानोमाळ होतात. हक्क कायद्यांत लिहिलेला असला, तरी चालणारांची वर्दळ व शेतकऱ्याचा विश्वास या दोहोंवरच वाट टिकून राहते.