उपग्रह तबकडीची अचूक मांडणी

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले जुने गाव होय. अशा गावांत मनोऱ्यांवरून येणाऱ्या दूरदर्शनच्या लहरींना डोंगराचा अडथळा होत असे. उपग्रहामुळे ही अडचण दूर झाली. १९७५-७६ मध्ये देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत झालेल्या ‘साइट’ प्रयोगासाठी सुमारे तीन मीटर व्यासाची जाळीची तबकडी लागे. आज ‘डीडी फ्री डिश’वरील सह्याद्री व शैक्षणिक वाहिन्या सुमारे साठ सेंटिमीटरच्या तबकडीवर, मासिक शुल्काविना दिसतात. मात्र तबकडी दोन-तीन अंशांनी चळली तरी चित्र नाहीसे होते आणि शाळेतील त्या दिवसाचा पाठ बुडतो. म्हणूनच मांडणीचे तंत्र गावातच अवगत असणे हितावह आहे.

उपग्रहाचे स्थान

११ नोव्हेंबर २०१५ रोजी सोडलेला जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या परिवलनाच्याच गतीने फिरत असल्यामुळे तो आकाशात स्थिर भासतो. रोहिणखेडहून तो आग्नेयेस, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडून मोजता सुमारे १३८ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच येतो. इतक्या उंचीमुळे डोंगर आड येत नाही. जवळचे झाड मात्र येते. तबकडीहून पाच मीटर उंच असलेले झाड त्या दिशेला किमान तीन मीटर दूर असावे.

मांडणीचा क्रम

प्रथम खांब ओळंब्याने सरळ उभा करावा. खांब कलता असल्यास पुढील सर्व मापे चुकतात. नंतर पट्टीवरील खुणेनुसार उंचीचा कोन लावावा. प्रचलित तबकडीत एलएनबी मध्यापासून खाली असतो. त्यामुळे तबकडी प्रत्यक्षापेक्षा वीस-पंचवीस अंश अधिक उभी दिसते. ती चूक समजून तबकडी आणखी आडवी करू नये. होकायंत्राने आग्नेय दिशा धरावी. लोखंडी खांबाजवळ सुई फसते, म्हणून माप दूर उभे राहून घ्यावे. त्यानंतर तबकडी डावी-उजवीकडे अगदी थोडी हलवून क्षणभर थांबावे, कारण सेट-टॉप बॉक्सला संदेश ओळखण्यास वेळ लागतो. पडद्यावरील ‘शक्ती’च्या आकड्यावर विसंबू नये, तो तबकडी चुकीच्या दिशेला असतानाही मोठा दिसू शकतो. ‘गुणवत्ता’ सर्वाधिक येईल तेथे थांबावे. शेवटी एलएनबी हळूहळू फिरवून तीच कसोटी लावावी आणि बोल्ट आळीपाळीने आवळावेत.

घ्यावयाची दक्षता

मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जाते. मार्चच्या पूर्वार्धात व ऑक्टोबरच्या प्रारंभी काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हाही काही मिनिटे व्यत्यय येतो. या दोन्ही प्रसंगी तबकडीला हात लावू नये. विजेच्या तारांजवळ खांब उभारू नये आणि गडगडाट सुरू असताना छतावर चढू नये. योग्य जागी लागलेल्या तबकडीच्या खांबावर व पट्टीवर रंगाची खूण करून ठेवल्यास वाऱ्याने ती हलली तरी शिक्षक वा पंचायत सदस्य ती पुन्हा जागेवर आणू शकतील.