रात्री बंद पडणारा कॅमेरा : खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि संध्याकाळी सात वाजले की पडद्यावर काळा चौकोन. सकाळी पुन्हा चालू. वॉचमन सांगतो, ‘कॅमेरा गेला.’ सेक्रेटरी फोन लावतात, माणूस येतो आणि नव्या कॅमेऱ्याचं तीन-साडेतीन हजारांचं कोटेशन हातात पडतं. कमिटी ते मंजूरही करते, कारण गेटवरचा कॅमेरा बंद ठेवायची कुणाचीच तयारी नसते. नवा कॅमेरा बसतो आणि तोही सातलाच बंद पडतो.

अशा वेळी कॅमेऱ्यात बहुधा दोष नसतो, त्याला वीज पुरत नसते. हल्लीचे आयपी कॅमेरे पीओईवर चालतात, म्हणजे चित्र आणि वीज एकाच नेटवर्क केबलमधून जाते. दिवसा असा साधा कॅमेरा चार-पाच वॉट घेतो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि मागणी सात-आठ वॉटवर जाते. वाटेत कुठेही कच्चा दुवा असला की तो नेमका त्याच वेळी तुटतो. हा दुवा शोधायला काहीशे रुपये लागतात. तो न शोधता कॅमेरा बदलणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

(पुढचे सगळे भाव शहरातल्या किरकोळ बाजारातले आणि अंदाजे आहेत. गाव, ब्रँड आणि १८ टक्के जीएसटी धरून ते वर-खाली होतील.)

आधी फुकटच्या तपासण्या

अंधार पडल्यावर बंद कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्याच्या काचेकडे बघा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या इन्फ्रारेड दिव्यांची मंद लाल झाक डोळ्यांना दिसते. ती स्थिर असेल तर वीज पोचते आहे. मग घोळ आयपी पत्त्यात, पासवर्डमध्ये किंवा रेकॉर्डरच्या (एनव्हीआरच्या) सेटिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त, तेव्हा भिंतीतली केबल उकरू देऊ नका. झाक मिनिटा-दोन मिनिटांनी लागते, विझते, पुन्हा लागते असं होत असेल, तर वीज अपुरी पडून कॅमेरा पुन्हापुन्हा सुरू होतो आहे.

मग स्विचपाशी, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबली जिथे येऊन जोडल्या जातात त्या पेटीपाशी या. बंद कॅमेऱ्याची केबल चालू कॅमेऱ्याच्या पोर्टमध्ये घाला आणि चालूची बंदच्या पोर्टमध्ये. बिघाड केबलीबरोबर सरकला तर दोष केबलीत किंवा कॅमेऱ्यात आहे. तो आहे त्याच पोर्टवर राहिला तर स्विच बघायचा.

यापुढची तपासणी शिडीवरची, म्हणून तंत्रज्ञाकडून करून घ्या. व्हिजिटचे ३०० ते ५०० रुपये पडतील. त्याला एकच सांगायचं: कॅमेरा खाली उतरव आणि स्विचशेजारी मीटरभराच्या पॅचकॉर्डवर (तयार जॅकच्या छोट्या केबलीवर) लाव. भर दिवसा ही परीक्षा घ्यायची तर कॅमेऱ्याचं तोंड हाताने पूर्ण झाका. अंधार समजून इन्फ्रारेड दिवे लागतात. तरीही कॅमेरा टिकला, तर तो चांगला आहे. नव्याचं कोटेशन तिथेच थांबवा.

स्विचचं बजेट

पीओई स्विचच्या अ‍ॅडॉप्टरवरचं लेबल वाचा. ५२ व्होल्ट, १.२५ अ‍ॅम्पिअर असं लिहिलं असेल तर गुणाकार ६५ वॉट. त्यातले काही वॉट स्विचला स्वतःलाच लागतात. आठ कॅमेरे दिवसा प्रत्येकी पाच वॉट घेत असतील तर एकूण ४० वॉट, काही अडचण नाही. रात्री प्रत्येकी आठ झाले की ६४ वॉट, आणि बजेट संपलं. अशा वेळी स्विच सहसा मोठ्या क्रमांकाच्या पोर्टची वीज आधी तोडतो, म्हणून दर वेळी तोच एक कॅमेरा खराब असल्यासारखा वाटतो.

इथे नवा स्विच लगेच घ्यायची गरज नाही. एक-दोन कॅमेरे वेगळ्या पीओई इंजेक्टरवर, म्हणजे एकाच केबलीत वीज सोडणाऱ्या छोट्या अ‍ॅडॉप्टरवर, टाकले तरी भागतं. इंजेक्टर ५०० ते १,००० रुपयांना मिळतो. पुढे कॅमेरे वाढणार असतील तर मात्र ९६ किंवा १२० वॉट बजेटचा आठ पोर्टांचा स्विच घ्या, ३,००० ते ५,००० रुपये. दुकानात ‘आठ पोर्ट’ एवढंच सांगितलं जातं. एकूण वॉट किती ते तुम्ही विचारायचं.

सगळेच कॅमेरे एकदम गेले तर स्विचच्या अ‍ॅडॉप्टरवर संशय घ्या. लिफ्टच्या मशीनरूममध्ये, बंद पेटीत, उन्हाळाभर तापून तो कमजोर होतो. नवा ७०० ते १,५०० रुपयांना येतो. व्होल्ट तेवढेच आणि अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त, असा बघून घ्या.

खोक्यावरची अक्षरंही वाचावीत. ८०२.३ एएफ हे २००३ चं मानक. त्यात पोर्टवरून १५.४ वॉट निघतात आणि कॅमेऱ्याला १२.९५ वॉटांची हमी असते. उरलेले केबलीत खर्ची पडतात असं धरलेलं आहे. २००९ च्या एटी मानकात हेच आकडे ३० आणि २५.५. साध्या कॅमेऱ्याला एएफ पुरतं. फिरणाऱ्या पीटीझेड कॅमेऱ्याला बहुधा एटी लागतं, आणि तो एएफ पोर्टवर लावला की फिरताना किंवा रात्री बंद पडतो.

केबल आणि जॅक

माझा अनुभव असा की सर्वांत जास्त बिघाड इथे सापडतात आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिलं जातं. केबलीच्या उरलेल्या तुकड्यातली एक तार सोला आणि ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. बाजारात तिला सीसीए म्हणतात. ३०५ मीटरचा सीसीएचा बॉक्स तीन-पाच हजारांत मिळतो, शुद्ध तांब्याच्या कॅट सिक्सला आठ ते बारा हजार पडतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन्ही मिळतील. बिलावर ‘शुद्ध तांबं’ असं लिहून मागा.

सीसीए लागली म्हणून सगळं उखडायला हवं असं मात्र नाही. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. वीस-तीस मीटरवरचा साधा कॅमेरा ४८ व्होल्टच्या पुरवठ्यावर तिच्यातूनही चालतो. त्रास होतो तो लांब अंतरावर, बारीक तारेवर, पीटीझेडला, आणि जॅकच्या तोंडाशी, कारण अ‍ॅल्युमिनियमची तार वाकवली की तुटते आणि तिच्यावर गंज धरतो. त्रास देणारी तेवढीच केबल बदला. मजुरी आणि केसिंग पट्टी धरून मीटरला ४० ते ७० रुपये मोजावे लागतील.

आता जॅक. आठ तारांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही जण रंग ओळीने लावून मोकळे होतात. दोन्हीकडे तोच चुकीचा क्रम असल्यामुळे आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर सगळं बरोबर दाखवतो, पण जोड्या फुटलेल्या असतात आणि चित्र अडखळतं. जॅक पारदर्शक असतो, रंग स्वतः मोजून घ्या. दुरुस्ती जॅकमागे ५० ते १०० रुपयांची.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याकडचा जोड सर्वांत आधी जातो. कॅमेऱ्याच्या खोक्यात रबरी वॉशरची एक छोटी जलरोधक टोपी येते. जॅक मारण्याआधी ती टोपी केबलीवर ओवावी लागते. आधीच जॅक मारलेला असेल तर बहुतेक टोप्यांमधून तो जात नाही. म्हणून टोपी खोक्यातच राहते आणि जोडाला नुसती काळी टेप गुंडाळली जाते. टेपच्या आत ओल साठते, ४८ व्होल्ट सतत सुरूच असतात, आणि पिना झिजून त्यांवर हिरवट थर चढतो. जोड उघडून तो थर दिसला तर पुसून परत लावू नका. केबलीकडचा जॅक कापून नवा मारा, टोपी घाला आणि सगळं १०० ते २५० रुपयांच्या जंक्शन बॉक्समध्ये ठेवा. केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी खाली झोका देऊन वर आणली की पाणी तिथूनच ठिबकून जातं. कॅमेऱ्याच्या शेपटीतल्या, म्हणजे त्यातून निघणाऱ्या छोट्या केबलीतल्या, पिना झिजल्या असतील तर मात्र शेपटी बदलून मिळते का ते विचारा. निम्म्या वेळा मिळते.

१२ व्होल्टचा जुगाडही तपासा. जुन्या बसवणीत काही ठिकाणी साधा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावून केबलीच्या मोकळ्या जोड्यांतून वीज सोडलेली असते. आठ वॉटच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टवर जवळजवळ पाऊण अ‍ॅम्पिअर लागतो, आणि ४० मीटरच्या चांगल्या तांब्याच्या केबलीतही दोन-अडीच व्होल्ट वाटेतच जातात. कॅमेऱ्यापाशी साडेनऊ उरतात आणि दिवे लागले की तो बंद. ही रचना दुरुस्त करत बसू नका, खरा पीओई स्विच घ्या.

अंतर आणि वीज पडणं

स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटर ही मर्यादा आहे. काही स्विचवर २५० मीटरचं ‘एक्स्टेंड’ बटण असतं. ते दाबल्यावर वेग १० एमबीपीएसवर उतरतो. एका कॅमेऱ्याला तो पुरतो, पण चुकून दाबलेल्या बटणामुळे सगळ्यांची चित्रं अडखळत असल्याचंही दिसतं. दोन इमारतींमध्ये मात्र तांब्याची केबल उघड्यावरून नेऊच नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर त्या केबलीतून आलेला झटका स्विच आणि एनव्हीआर दोन्ही जाळतो. तिथे फायबर टाका. दोन्ही टोकांच्या मीडिया कन्व्हर्टरची जोडी १,५०० ते २,५०० रुपयांना पडते, केबल वेगळी. गच्चीवरच्या कॅमेऱ्याला सर्ज प्रोटेक्टर ४०० ते १,००० रुपयांचा. तो नीट अर्थिंगला जोडला नसेल तर त्याचा काहीच उपयोग नाही, म्हणून अर्थिंगची तार कुठे जोडली ते दाखवायला सांगा.

खरंच कॅमेराच गेला असेल तर

चांगल्या पोर्टवर, छोट्या पॅचकॉर्डवरही तो सुरू होत नसेल तर बदला. दोन मेगापिक्सेलचा साधारण २,००० ते ३,५०० रुपयांना, चारचा ३,००० ते ५,००० रुपयांना. ९ एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारने ठरवलेल्या सुरक्षा चाचण्या आणि बीआयएस नोंदणी बंधनकारक आहे. कुठल्या तरी गोदामातला जुना माल स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. तुमच्या गेटचं चित्र भलत्याच्या हाती लागण्याचा धोका असतो.

बिलात केबलीचा प्रकार आणि मीटर, स्विचचे एकूण वॉट, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि वॉरंटीची तारीख वेगवेगळी लिहून घ्या. ‘सीसीटीव्ही काम, एकरकमी’ अशा एका ओळीच्या बिलावर उद्या काहीच सिद्ध करता येत नाही. काढलेला कॅमेरा सोसायटीच्या ताब्यात ठेवा, तो चांगला निघाला तर हाच पुरावा. शुद्ध तांब्याचे पैसे घेऊन सीसीए टाकली असेल तर खरवडलेल्या तारेचा आणि केबलीवरच्या छापाचा फोटो काढा, ठेकेदाराला लेखी कळवा, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या कामाच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही.