माका म्हणून भलतंच तोडू नकोस गं

गणपतीच्या एकवीस पत्रींत माका लागतो, पितृपक्षात श्राद्धाला लागतो आणि केसांच्या तेलाला तर बारा महिने लागतो. तरी बाजारातली जुडी सोडून बघ, माक्याच्या जागी बऱ्याचदा एकदांडी निघते. विकणारी मावशी काही मुद्दाम फसवत नाही हं. तिलाही कुणीतरी तेच ‘माका’ म्हणून दाखवलेलं असतं. तू यंदा स्वतः बांधावर जाऊन पत्री काढणार म्हणालीस, म्हणून आधीच कानात सांगून ठेवते.

मुळात हे कूळच फसवं. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, आपला माका आणि ते मेलं गाजरगवत, सगळी एकाच घरची. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो असतो बारीक बारीक फुलांचा गुच्छ. मधे नळीसारखी चिमुकली फुलं दाटीवाटीने बसलेली, आणि कडेने जी पाकळी वाटते ती प्रत्येक एक वेगळं फूल. बांधणी सगळ्यांची हीच. त्यामुळे मोबाईलवर वरून काढलेला फोटो पाहून कुणी छातीठोक नाव सांगितलं, तर माझा चटकन विश्वास बसत नाही. खोड, पान आणि देठ दिसले पाहिजेत. शक्य असेल तर दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घे. एकदा त्यातून माक्याचं फूल पाहिलंस की पुन्हा चुकणार नाहीस.

माक्याचं फूल पांढरं, शर्टाच्या छोट्या बटणाएवढं, जेमतेम सात-आठ मिलिमीटर. कडेच्या पाकळ्या दोऱ्यासारख्या अरुंद आणि इतक्या दाट की मोजायचा कंटाळा येतो. मधला भागही पांढुरकाच. एकदांडीचं फूल थोडं मोठं. मधे पिवळंधमक आणि कडेला फिकट साईच्या रंगाच्या जेमतेम पाचेक रुंद पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. पाकळ्या मोजता आल्या, की माका नव्हे असं खुशाल समज.

पण फूल नसेल तेव्हा काय करायचं? पत्रीला आपल्याला पानच हवं असतं, आणि गंमत अशी की दोन्ही झाडांची पानं समोरासमोर येतात, दोन्ही खरखरीत लागतात. तेव्हा पानाचा आकार बघ. माक्याचं पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखं निमुळतं, देठ जवळजवळ नाहीच, कडा साध्या किंवा अगदी बारीक दात्यांच्या. खोडावर बहुतेक वेळा लालसर-जांभळी झाक असते. एकदांडीचं पान रुंद, कडा जाड्याभरड्या दात्यांची, कधी कधी फाटल्यासारखी. शिवाय तिचं फूल वीतभर उघड्या दांड्यावर एकटंच उंच उभं असतं, तर माक्याची फुलं पानांच्या बगलेतून आखूड देठांवर एकेक-दोनदोन निघतात. आपल्या आज्यांनी एकदांडी हे नाव उगाच नाही ठेवलं. दगडी पाला आणि कंबरमोडी म्हणतात तीही हीच. ती उष्ण अमेरिकेतून आलेली, कोरड्या जागी रमणारी. रस्त्याकडेला, भिंतीच्या फटीत, माळावर दिसेल. माक्याला पाय ओले लागतात. भाताच्या खाचराचा बांध, ओहोळाची कड, पाटाचं झिरपतं पाणी, तिथे शोध.

बियाही बघून ठेव. एकदांडीच्या बीला मऊ पिसांचा तुरा असतो, फुंकर मारली की उडते. माक्याच्या पाकळ्या गळल्या की मागे एक हिरवी चकती राहते, त्यात काळपट, खडबडीत, बिनतुऱ्याच्या बिया.

आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा सांगते. पान तळहातावर चुरड आणि जरा थांब. माक्याचा हिरवा रस हवा लागल्यावर काळवंडतो, मोडलेल्या देठाचं टोकही काळं पडतं. केस काळे करायला लोकांना हेच झाड आठवलं, यात नवल नाही. तेलाने पिकलेले केस काळे होतात का, ते मात्र मला विचारू नकोस. जाहिरातवाल्यांना विचार.

आता पिवळ्या माक्याची गोष्ट. हाही पाणथळीतलाच, जमिनीवर सरपटणारा, पेरापेराला मुळं धरणारा. फूल सोनपिवळं आणि लांब देठावर एकटं, त्यामुळे पांढऱ्याशी घोटाळा होत नाही. जुनी माणसं त्यालाही माक्याच्या कामाला घेत, आणि ती काही अडाणी नव्हती. माक्याच्या औषधी गुणांची चर्चा निघाली की ज्या वेडेलोलॅक्टोनचं नाव येतं, ते 1956 साली मद्रासच्या टी. आर. गोविंदाचारी आणि सहकाऱ्यांनी या पिवळ्या माक्यातूनच वेगळं काढलं होतं. पांढऱ्यातही ते आहेच.

घोटाळा होतो तो पिवळ्या माक्याचा आणि बागेतल्या त्या चकचकीत वेलाचा. सोसायट्यांच्या कुंपणाला, हॉटेलांच्या उतारावर, रस्त्यांच्या दुभाजकात जो दाट हिरवा गालिचा पिवळ्या फुलांनी भरलेला दिसतो ना, तो बहुतेक वेळा हा परका. फुलं पाहून नाही कळणार, पान पालथं-उलथं करून बघ. परक्याचं पान जाड, तुकतुकीत आणि बहुधा तीन टोकांचं असतं. आपल्या पिवळ्या माक्याचं पान लांबट, खरबरीत, एकच टोकाचं, कडेला तुरळक दाते. हा पाहुणा मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचा, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत त्याचं नाव आहे.

खाचरात आणखी एक दिसेल: फिकट जांभळट-पांढरी फुलं थेट पानांच्या बगलेत चिकटून बसलेली, देठ नाहीच. काही भागांत त्यालाही माकाच म्हणतात. पण त्याची पानं एकाआड एक येतात. माक्याची समोरासमोर, जोडीने. एवढं पाहिलंस की झालं. पिवळी गोल गुंडी पण कडेला पाकळ्याच नाहीत, आणि पान कातरलेलं असेल, तर ती माचीपत्री. भात कापल्यावर खाचरात वासाचे जांभळे गोंडे दिसले, तर गोरखमुंडी. त्यांना हात लावायचं तुला कारण नाही.

ओळख पटली तरी दोन पथ्यं पाळ. गटाराच्या कडेला माका फार माजतो, हिरवागार दिसतो. तो घेऊ नकोस. तणनाशक मारलेल्या बांधावरचाही नको, आधी शेतकऱ्याला विचार. आणि कुणी काविळीवर रस प्यायला सांगितला तर आधी वैद्य-डॉक्टर. पत्री वाहणं वेगळं, पोटात घेणं वेगळं.

पत्रीला चार शेंडे पुरेत, झाड मुळासकट उपटू नकोस. आणि तुझ्या गच्चीत लोंबणारा तो तीन टोकांच्या पानांचा वेल छाटलास, तर तुकडे ओढ्याकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकू नकोस. त्याचं एक पेर मातीला टेकलं तरी नवा वेल उभा राहतो. उन्हात कडकडीत वाळव आणि मगच कचऱ्यात दे.